दहा दिवसांचा फरक

प्रश्न : शिवकालीन पोर्तुगीज आणि इंग्रज कागदपत्रांत एकाच घटनेच्या तारखांत दहा दिवसांचा फरक का आढळतो?

उत्तर : याचे मूळ रोमच्या धर्मसत्तेत आहे. वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा वसंतातला दिवस, ज्यावरून ईस्टर ठरतो, तो २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत मागे सरकल्याने ईस्टरचा दिवस चुकू लागला, म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये कालगणना सुधारली आणि ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. कॅथलिक पोर्तुगालने ती तत्काळ स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने मात्र, पोपचा हुकूम मानायचा नाही म्हणून, १७५२ पर्यंत जुनीच गणना चालवली. त्यामुळे शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जुन्या गणनेची तारीख पोर्तुगिजांच्या गणनेने १६ जून ठरते. पत्रावरची तारीख उतरवण्यापूर्वी ते इंग्रजांच्या वखारीतून निघाले की गोव्याहून, हे अभ्यासकांनी आधी पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.