इलेक्ट्रिक स्कूटरचा हप्ता पेट्रोलच्या पैशात निघतो का?

पुण्याहून एका वाचकाने विचारले आहे: धायरीत राहतो, नोकरी शिवाजीनगरला. जुनी स्कूटर ११ वर्षांची झाली, आता बदलायचीच. पेट्रोलची १,०५,००० रुपयांत रस्त्यावर येते, ती मुदत ठेव मोडून रोखीने घेता येईल. इलेक्ट्रिकची १,३२,०००. त्यासाठी शोरूमवाला एक लाखाचे कर्ज देतो, ९.५ टक्के फ्लॅट, तीन वर्षे. म्हणतो, ‘पेट्रोलच्या पैशात हप्ता निघतो, वर टॅक्स वाचतो.’ हातात पगार ३८ हजार येतो, ठेव दीड लाखाची, मुलगी यंदा कॉलेजात गेली. काय करू?

नमस्कार. आधी त्या हप्त्याचे बघू. तुमचे जाणे-येणे २६ किलोमीटर, किरकोळ कामे धरून महिन्याला ७००. शहरातल्या गर्दीत पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ देईल असे समजा आणि पेट्रोल १०४ रुपये धरा. महिन्याचे साधारण १,६२० रुपये होतात. इलेक्ट्रिकला तेवढ्याच अंतरासाठी, चार्जिंगमध्ये वाया जाणारे धरून, २८ युनिट लागतील. युनिटला १२ रुपये, म्हणजे ३४० रुपये. महिन्याला १,२८० वाचले. हप्ता मात्र ३,५६९ रुपयांचा आहे. पेट्रोलच्या पैशात त्याचा निम्मा भागही निघत नाही.

टॅक्सचे तर सोडूनच द्या. इलेक्ट्रिक वाहनाच्या कर्जावरील व्याजाला आयकर कायद्याच्या ८०ईईबी कलमाखाली दीड लाखापर्यंत वजावट होती, पण ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच. शोरूममधले जुने पत्रक अजून कुणी काढलेले दिसत नाही.

आता पाच वर्षांचा हिशेब. वर्षाला १५ हजार या दराने ७५ हजार वाचतात. त्यातून किमतीतला २७ हजारांचा फरक गेला, ४८ राहिले. सर्व्हिसिंगचा खर्च इलेक्ट्रिकला कमी, पण पार्किंगपर्यंत वायर ओढायचा खर्च आहे; ते एकमेकांत वळते करा. मग येते विक्री. पाच वर्षे वापरलेली पेट्रोल स्कूटर गल्लीतला मेकॅनिकसुद्धा गिऱ्हाईक आणून विकून देतो. इलेक्ट्रिकचे गिऱ्हाईक पहिला प्रश्न बॅटरीचा विचारते आणि भाव पाडते. तिथे मी २० हजारांचे नुकसान धरतो. हातात उरले २८ हजार.

आणि शोरूमच्या कर्जाचे व्याज किती? २८,५००. फ्लॅट म्हणजे पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत पूर्ण लाखावर व्याज, मुद्दल कितीही फिटले तरी. घटत्या शिलकीवर मोजले तर हा दर १७ टक्क्यांच्या वर जातो. स्कूटरने पाच वर्षांत कमावलेले सगळे फायनान्सवाल्याच्या खिशात.

म्हणून माझे मत: गाडी इलेक्ट्रिकच घ्या, ते कर्ज घेऊ नका. ठेवही मोडू नका. ती मोडून पेट्रोलची घेतलीत तर ठेवीतले ४५ हजारच उरतील, आणि मुलीच्या शिक्षणाच्या वर्षात तेवढ्यावर राहणे मला पटत नाही. त्याऐवजी ठेवीवर कर्ज काढा. बँका ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लावतात, तेही घटत्या शिलकीवर. साडेसात टक्क्यांच्या आसपास मिळाले तर तीन वर्षांत व्याज सुमारे १२ हजार, हप्ता ३,१०० च्या थोडा वर, आणि ठेवीवरचे व्याज चालूच. वरचे ३२ हजार बचत खात्यातून द्या. पेट्रोलचे वाचलेले वजा केले तरी महिन्याला १,८०० रुपये जादा काढावे लागतील. तीन वर्षे तेवढी ओढाताण आहे, ती आधीच घरात बोलून घ्या.

ऑफिसातल्या मित्राने २०२२ मध्ये घेतली आणि ‘दीड वर्षात पैसे वसूल’ झाले, असेही तुम्ही लिहिले आहे. झाले असतील. तेव्हा इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ योजनेत बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासाला (म्हणजे एका युनिटला) १५,००० रुपये अनुदान होते. जून २०२३ पासून ते १०,००० झाले, पुढे पीएम ई-ड्राइव्ह या नव्या योजनेत ५,००० आणि मग २,५००. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल स्कूटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा ५ टक्के आहे तसाच. म्हणून मित्राचे गणित तुम्हाला लागू नाही.

बॅटरीची वॉरंटी कागदावर वाचा. वर्षे किती, किलोमीटर किती, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देणार, हे तिन्ही लिहिलेले हवे. तीन किलोवॉट-तासाची बॅटरी पदरच्या पैशाने बदलायची वेळ आली तर पन्नास हजारांच्या घरात खर्च जातो आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. वाढीव वॉरंटी आठ वर्षांची मिळत असेल तर तिचे पैसे द्या. एरवी मी असल्या जोडण्या घेऊ नका म्हणतो. जाहिरातीतली रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये जाणारे अंतर, धरू नका, तिच्या दोन-तृतीयांश धरा. तुमच्या २६ किलोमीटरला तेवढी पुरून उरते. वाईला गावी मात्र एसटीने जा, खंबाटकीतून स्कूटर दामटण्यात तसाही अर्थ नाही.

हे सगळे एका प्लगवर अवलंबून आहे. तिसऱ्या मजल्यावर राहता, पार्किंग सोसायटीचे. बुकिंगआधी सोसायटीकडून लेखी परवानगी घ्या, लाइन तुमच्याच मीटरवरून, अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबीसह (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच). सेक्रेटरींचे तोंडी ‘बघू, होईल’ चालणार नाही, पुढच्या वर्षी कमिटी बदलते. परवानगी मिळत नसेल तर पेट्रोलची घ्या. तीसुद्धा ठेवीवरच्या कर्जातून, आणि बचतीतले ३२ हजार घातले तर तेव्हा ७३ हजारच काढावे लागतील.