आधी पेन्सिल घे

प्रिय बाळा,

सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बायबलमधले सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच कशावरून, एवढंच तू तरुण संघात विचारलंस आणि एकजण थेट तुझ्या विश्वासावर घसरला. त्याच्यावर रागावू नकोस. हे प्रश्न डार्विननंतर निघाले अशी त्याची समजूत दिसते.

तसं नाही. सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग आधीचे तीन दिवस कसले, हे ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने तिसऱ्या शतकातच विचारलं होतं. धर्मगुरू ऑगस्टीन बायबलच्या पहिल्या पुस्तकावर, उत्पत्तीवर, पुन्हा पुन्हा लिहीत राहिला आणि त्याचं मत असं पडलं की देवाने सगळं एकदमच निर्माण केलं, सहा दिवसांची मांडणी आपल्या समजुतीसाठी. म्हणजे त्याला सहा दिवस कमी नव्हे, जास्त वाटले! पण हे ऐकून लगेच हुरळू नकोस. चौथ्या शतकात कैसरियाचा धर्मगुरू बासिल प्रवचनात सांगत होता की गवत म्हटलं की मी गवतच समजतो. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्यानेही सहा दिवस खरेच धरले. दोन्हीकडे आपलेच वाडवडील आहेत.

आणखी एक गंमत. १९२५ साली अमेरिकेत टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स नावाच्या शिक्षकावर खटला चालला. बायबलची बाजू घेऊन विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभा होता. समोरच्या डॅरो वकिलाने दिवसांबद्दल छेडलं, तेव्हा ब्रायननेच सांगितलं की ते चोवीस तासांचे असतील असं आपल्याला वाटत नाही. आज चोवीस तासांचा जो आग्रह आपल्या मंडळ्यांपर्यंत येऊन पोचलाय, त्याला खरा जोर आला तो १९६१ मध्ये व्हिटकम आणि मॉरिस यांचं जलप्रलयावरचं पुस्तक निघाल्यावर.

आता पेन्सिल घे. कागदावर दोन रकाने आख. डावीकडे पहिले तीन दिवस: उजेड; पाणी आणि अंतराळ; कोरडी जमीन. उजवीकडे पुढचे तीन: ज्योती, मासे आणि पाखरं, पशू आणि माणूस. आडवं वाच. आधी खोल्या बांधल्या, मग एकेक बिऱ्हाड राहायला आलं. डच अभ्यासक नोर्टझी याने १९२४ साली हे वाचन मांडलं, पुढे अमेरिकन अभ्यासक मेरेडिथ क्लाइनने ते वाढवलं. माझा कल इकडेच आहे. याचं एक कारण चौथा दिवस. तिथे सूर्य-चंद्रांची नावंच नाहीत, नुसती मोठी ज्योती आणि लहान ज्योती. शेजारची राष्ट्रं ज्यांना देव म्हणून पुजत होती, त्यांना लेखकाने दिवे करून टांगलंय. त्याला घड्याळापेक्षा हे सांगायची घाई होती, असं मला वाटतं.

'दिवस' या शब्दाचंही बघ. मूळ हिब्रू 'योम' उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या पाचव्याच वचनात आधी उजेडाला वापरलाय, मग संध्याकाळ-सकाळ धरून अख्ख्या दिवसाला. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात तर सगळी निर्मिती एकाच 'योम'मध्ये बसते. आपण नाही का म्हणत, 'दिवसा झोपू नये', 'दोन दिवसांनी ये', 'ते दिवस गेले'? यावरूनच ह्यू मिलरने, मूळचा स्कॉटलंडचा पाथरवट तो, एकेक दिवस म्हणजे एकेक युग धरून खडकांशी मेळ घातला. मला तो ओढूनताणून वाटतो. सूर्याआधीची झाडं तशीच उरतात.

पण माझ्या वाचनालाही एक काटा आहे, तो तुझ्यापासून लपवत नाही. बायबलच्याच निर्गम पुस्तकातलं २०:११. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे, कारण देवानेही तसंच केलं. तिथे आठवड्याचे दिवस खरे आणि सृष्टीचे तेवढे मांडणीपुरते, असं म्हणायचं कसं? पुढच्या वेळी तुझ्या त्या मित्राने हे वचन काढलं तर त्याचा मुद्दा रास्त आहे हे आधी कबूल कर. मग तू काय उत्तर दिलंस ते मला कळव. माझं अजून पुरतं ठरलेलं नाही.

तुझा,
काका