यूपीआयने आलेले ६० हजार आणि बाउन्स झालेला ५ लाखांचा चेक

सांगलीच्या एका दादांचा मेल आलाय, थोडक्यात असा. मित्राला धंद्यासाठी ५ लाख दिले, ४ लाख एनईएफटीने आणि १ लाख कॅश, व्याज काही नाही. मित्राने १० जानेवारीच्या तारखेचा ५ लाखांचा चेक दिला, १६ तारखेला यूपीआयने ६० हजार पाठवले आणि मग गप्पच बसला, म्हणून दादांनी चेक खात्यात टाकला तर २८ जानेवारीला फंड्स इन्सफिशियंटचा मेमो लागून परत. आता मित्र म्हणतो साडेतीन लाखात मिटवू, महिना ३५ हजारचे दहा हप्ते देतो, पण केस नको. ओळखीतले म्हणतात ५ लाखांची नोटीस ठोक. आणि मुलीची जूनची फी याच पैशातून भरायची होती.

दादा, ५ लाखांची नोटीस आत्ता ठोकू नका. कारण ते ६० हजार. चेक दिल्यावर पण बँकेत टाकायच्या आधी काही रक्कम परत आली असेल आणि चेकवर तशी नोंद नसेल, तर चेक टाकला त्या दिवशी देणं ५ लाख नव्हतंच, ४ लाख ४० हजार होतं, आणि मग निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८, म्हणजे चेक बाउन्सचा गुन्हा, लागत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलंय. बरं नोटीस ४.४० ची पाठवावी म्हटलं तर चेक ५ चा. नोटिशीतला आकडा चेकशी जुळला पाहिजे यावरही कोर्ट फार कडक आहे, २०२५ मध्ये एक कोटीच्या चेकवर नोटिशीत दोन कोटी टाइप झालं आणि टायपिंगची चूक म्हणूनही ते चाललं नाही. म्हणजे या मेमोवर उभी केलेली केस पहिल्या दिवसापासून लंगडी.

कायद्यात वाट आहे, त्याच ॲक्टच्या कलम ५६ प्रमाणे चेकवरच ६० हजार मिळाल्याची नोंद करून उरलेल्या रकमेसाठी तो परत टाकायचा, चेक तीन महिने चालतो त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ आहे. पण क्लिअरिंगमध्ये काही लिहिलेला चेक बघून बँकवाले कुरकुर करणार, म्हणून माझं मत, मित्र मिटवायच्या मूडमध्ये आहे तोवरच त्याच्याकडून नवीन कागद करून घ्या. आजच्या तारखेला ४ लाख ४० हजार देणं बाकी आहे असं त्याच्या सहीचं पत्र हवं. कॅशच्या एका लाखाचा उल्लेख त्यात आलाच पाहिजे, तुम्ही बँकेतून काढले असतील तर त्या एंट्रीचं स्टेटमेंटही जपून ठेवा. असं पत्र मुदतीत घेतलं की दिवाणी दाव्याची तीन वर्षंही तिथून नव्याने मोजली जातात.

कॅशला घाबरू नका. २० हजार किंवा जास्त कर्ज कॅशमध्ये घेतल्याचा इन्कम टॅक्सचा दंड घेणाऱ्यावर बसतो, आणि तेवढ्याने तुमचं येणं बुडत नाही हेही आता सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. भीती दुसरी आहे, समोरचा वकील हमखास म्हणणार की हे बिनपरवाना सावकारी करतात, महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे ना. तुम्ही व्याज घेतलेलं नाही, इतर कोणाला उधार देत नाही, मग तो मुद्दा टिकणार नाही, पण व्हॉट्सॲपवर गंमतीत सुद्धा व्याजाचं काही लिहू नका.

आता हिशोब. समजा केस लढलात, तीन वर्षांनी पूर्ण ४.४० मिळाले, पैसा हातात असता तर वर्षाला ७ टक्के मिळाले असते असं धरलं तर त्याची आजची किंमत साधारण ३.५९ लाख होते. वकील आणि कोर्ट फी मिळून ४० हजार धरले की ३.१९. तेही तुम्ही जिंकलात आणि त्याच्याकडे द्यायला पैसे असले तर. मध्ये कोर्ट २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकतं, पण ती कोर्टाच्या मर्जीवर, हक्काची नाही. त्यामुळे साडेतीन लाख ऐकून राग येतो तरी आकड्यात ते वाईट नाही, फक्त दहा महिन्यांचे हप्ते तोंडी नकोत. मी असतो तर पहिला एक लाख लगेच खात्यात मागितला असता आणि उरलेल्या अडीच लाखांचे सुटे सुटे चेक घेतले असते, एकच मोठा चेक नाही, नाहीतर दोन हप्ते आले की परत हीच ६० हजारवाली भानगड. एक हप्ता चुकला तर सवलत रद्द, पूर्ण ४.४० मधून मिळालेले वजा करून बाकी लगेच देणं, हे पत्रातच लिहून घ्या.

यातला एखादा चेक परत आला तर मात्र दयामाया नाही. मेमोची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, रक्कम त्याच चेकची. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा आणि डिलिव्हरीचा पुरावा ठेवा. त्याला मिळाल्यापासून १५ दिवस थांबायचं, त्याआधी कोर्टात केलेली तक्रार टिकत नाही, आणि ते संपले की एक महिन्याच्या आत तक्रार. या काळात 'पुढच्या सोमवारी देतो' चालूच राहणार, ऐकून घ्या पण तारखा सोडू नका. तो पुण्यात राहत असला तरी तुमचं खातं सांगलीच्या शाखेत आहे, म्हणजे केस सांगलीतच, पुण्याला खेटे नाहीत. आत्ताची कागदपत्रं मात्र एखाद्या चेकच्या केसेस करणाऱ्या वकिलाला दाखवूनच सही घ्या, तासाभराची फी जाईल, जाऊ दे.

तो काहीच लिहून देत नसेल तर ५ लाखांचा चेक बाजूला ठेवून वकिलाला दिवाणी समरी सूटबद्दल (लेखी पुराव्यावर झटपट चालणारा वसुलीचा दावा) विचारा, एनईएफटीची एंट्री तिथे कामाला येईल.

आणि फीचं. जूनच्या हिशोबात या पैशाचे शून्य धरा. एफडी मोडण्यापेक्षा एफडीवर कर्ज घ्या, व्याज एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त पडतं पण पर्सनल लोनपेक्षा खूप स्वस्त, आणि मित्राचा हप्ता आला की तो थेट त्या कर्जात भरा.