आई-बाबांना घेऊन नेरूळला जुन्या घरात जावं की उलव्याला नवीन टॉवरमध्ये?

तुम्ही लिहिलंय की परळला एका खोलीत राहताय, आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, बजेटमध्ये दोनच घरं बसतायत, दोन्ही नवी मुंबईत, नेरूळला सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, जुन्या बिल्डिंगमधलं छोटं घर आणि उलव्याला टॉवरमधला नवा कोरा वन बीएचके, आणि आई सारखं विचारते की तिथे आपलं कोण आहे. मी आधीच सांगून टाकते, आई-बाबा सोबत असतील तर नेरूळ घ्या. का ते जरा सविस्तर लिहिते कारण मी दोन्ही प्रकार जगलेय.

आम्ही १९९६ ला लालबागच्या चाळीतून नेरूळला आलो, मी बारा वर्षांची, आई, बाबा आणि आजी. चाळीत पहाटे तासभर पाणी यायचं, नेरूळला वर टाकी होती, दिवसभर नळाला पाणी होतं, तरी त्या सवयीने आजी साडेचारला उठून पिंप, कळशी, बादल्या आणि वरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायची, असं किती महिने चाललं विचारू नका. आई ओरडायची पण मला आता वाटतं की त्या वेळी आजीकडे दुसरं कामच नव्हतं. चाळीत गॅलरीत बसलं की माणसं यायची, इथे सगळ्यांची दारं बंद. मग तिने काय केलं, दार उघडं टाकून उंबऱ्यात पाट मांडला आणि भाजी निवडायला बसायला लागली, जिन्याने जो जाईल त्याला "खंयचे गो तुम्ही?" समोर केरळच्या आंटी होत्या, त्यांना मालवणी काय मराठीपण धड येत नव्हतं, पण त्यांच्याकडे आमच्या आडाळीसारखीच (म्हणजे विळीसारखी) बसून खोबरं खवायची खवणी निघाली आणि तिथून दोघींचं जे जमलं ते आजी जाईपर्यंत. तर तुमच्या आईला सांगा, आपलं कोणी नाहीये हे खरंय, आमचंही नव्हतं, दीड-दोन वर्षं लागली. पण ते झालं कारण चार मजल्यांची बिल्डिंग होती, लिफ्ट नव्हती, जिन्यावर रोज गाठ पडायचीच, आणि खाली उतरलं की पाच मिनिटांवर मार्केट होतं, गार्डन होतं.

हे पाच मिनिटांवर असणं योगायोगाने झालेलं नाही. मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे नवीन शहर वसवा ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली, मग १९७० ला सिडको स्थापन झाली, आणि सगळा प्लॅन नोडवर आधारलेला आहे, म्हणजे स्टेशनभोवती एक छोटं उपनगर, तो नोड, नोडमध्ये सेक्टर, सेक्टरमध्ये शाळा, मैदान, बाजार, सगळं चालत जाता येईल असं. कागदावर हे खरंच सुंदर आहे आणि मला या शहराबद्दल मनापासून प्रेम आहे. पण नोड भरायला पंधरा-वीस वर्षं लागतात हे ब्रोकर सांगत नाही. वाशीचंच बघा, खाडीवरचा पूल १९७३ चा आणि लोकल आली १९९२ ला, मधली एवढी वर्षं पहिल्या लोकांनी बसवर काढली.

माझा अनुभव नवी मुंबईतल्याच खारघरचा. २०११ ला लग्न झालं आणि आम्ही तिथे टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर घेतलं, रुंद रस्ते, समोर डोंगर, पावसाळ्यात तर काय नजारा. त्याच वर्षी बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम सुरू झालं, ब्रोकरने सांगितलेलं की दोन-तीन वर्षांत स्टेशन दारात. मेट्रो धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, तेव्हा आम्हाला तिथून निघून चार वर्षं झाली होती. दरम्यान स्टेशनला जायला रोज रिक्षा, एप्रिल-मे मध्ये सोसायटीत टँकर, आणि बिल्डिंगखाली दहा गाळे होते त्यातले आठ शटर बंद, "भाड्याने देणे" लिहिलेले बोर्ड उन्हाने पांढरे पडलेले. एकदा रात्री सासूबाईंना ताप चढला तर पॅरासिटामॉलसाठी नवरा गाडी काढून दोन किलोमीटर गेला. आम्हा दोघांचं चालून जात होतं, आम्ही दिवसभर ऑफिसला, पण सासूबाई हळूहळू खाली उतरायच्याच बंद झाल्या. खाली जाऊन या म्हटलं की म्हणायच्या "कुठे जाऊ गं?" आणि मला उत्तर देता यायचं नाही. २०१९ ला आम्ही नेरूळला परत आलो, आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, घर लहान झालं, पण आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि रोज पाचला ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात जातात, सातच्या आत काही परत येत नाहीत.

आता उलवे. घर नवीन, लिफ्ट आहे, हवा मोकळी, विमानतळ शेजारी, आणि ज्यांना दहा-पंधरा वर्षं थांबता येतं त्यांच्यासाठी चांगलंच होईल. पण तुमच्यासाठी काही गोष्टी बघा. अटल सेतू शिवडीला उतरतो म्हणजे परळच्या जवळ हे बरोबर, पण बाईक आणि रिक्षाला त्यावर बंदी आहे आणि सुरू झाला तेव्हा कारला एका वेळचा टोल २५० रुपये होता, रोजच्या नोकरीला परवडतो का ते तुम्हीच जोडून बघा. लोकलने जायचं तर उलव्याच्या खारकोपर किंवा बामणडोंगरी स्टेशनहून नेरूळ किंवा बेलापूर, मग कुर्ला, मग परळ. या उरण लाइनला गाड्या हार्बर लाइनसारख्या सतत नाहीयेत, एक चुकली की प्लॅटफॉर्मवर बसून राहायचं. नेरूळहून एकच बदल, कुर्ल्याला. आणि उलवे अजून कुठल्याच महापालिकेत नाही, तिथलं सिडकोच बघते, तर नेरूळ नवी मुंबई महापालिकेत आहे जिचं पाण्यासाठी स्वतःचं मोरबे धरण आहे, हॉस्पिटल नेरूळलाही आहे आणि वाशीलाही. सत्तरीच्या माणसांना घेऊन राहताना हे फार मोठं आहे, पंचवीस मजल्यांच्या लॉबीपेक्षा कितीतरी मोठं.

पण नेरूळचं जुनं घर डोळे मिटून घेऊ नका हं. लिफ्ट नसेल तर तळमजला किंवा पहिला, त्याच्या वर अजिबात नको, आज बाबा चढतात म्हणून चालेल असं म्हणाल आणि एक गुडघा गेला की घरात अडकतील. तळमजला असेल तर शेजारी विचारा की जोराच्या पावसात पाणी आलं होतं का, कारण इकडची बरीच जमीन भराव घालून केलेली आहे, भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून होल्डिंग पाँड आहेत, भरतीला झडपा बंद होतात, पाऊस पाँडमध्ये साठतो आणि ओहोटीला खाडीत सोडतात, त्यामुळे मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले तर काय होतं ते तिथे राहणाराच सांगेल. छताकडे बघा, स्लॅबचे पापुद्रे सुटलेत का, सळ्या दिसतायत का, सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का आणि रीडेव्हलपमेंटची बोलणी कुठपर्यंत आलीत, नाहीतर घर घेतल्यावर वर्षभरात म्हाताऱ्यांना भाड्याच्या घरात हलवावं लागेल. जमीन बहुतेक सिडकोची लीजवर असते, त्यामुळे घर नावावर करताना ट्रान्सफर चार्जेस लागतात, ते कोण भरणार हे टोकन द्यायच्या आधी लिहून घ्या.

आणि कोणी म्हणालं की गावठाणात याहून स्वस्त देतो, तर आधी ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मागा, ती नसेल तर बँक कर्जाला नाही म्हणते. गावठाणातल्या लोकांबद्दल मात्र मन साफ ठेवून या. हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे, आगरी-कोळी लोकांची भातशेती आणि मिठागरं गेली, जानेवारी १९८४ ला जासईच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, तेव्हा कुठे या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या लढ्याला यश येऊन घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन परत द्यायचं ठरलं. आमच्याकडे करावे गावातून एक मावशी कोळंबी, निवट्या घेऊन येतात, आजीची त्यांच्याशी इतकी ओळख झालेली की आजी गेली तेव्हा त्या टोपली बाहेर ठेवून दिवसभर आमच्याकडे बसून होत्या. मग आपलं कोण म्हणायचं.

एक करा, घर फायनल करायच्या आधी आई-बाबांना रविवारी नको, मधल्या वारी संध्याकाळी पाचला आणा, आधी उलव्याला आणि मग नेरूळला, दोन्हीकडे त्यांना घरापासून मेडिकलपर्यंत, भाजीवाल्यापर्यंत आणि बसायच्या बाकापर्यंत चालायला लावा, तुम्ही मागे राहा. नेरूळला आलात की मला इथे मेसेज टाका, सासूबाई तुमच्या आईंना विरंगुळा केंद्र दाखवून आणतील.