चाळीसगावला गाडीला दोन तास आहेत, केकी मूस यांचं घर बघावं का?

पाटणादेवीहून परतताना स्टेशनवर बसून राहण्यापेक्षा छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघावं का, की तो नुसता जुना बंगला आहे, असं तुम्ही विचारलंय. मी चाळीसगावचाच, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला. पण जा. स्टेशनपासून पायी जाता येतं.

रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत जो तो तुम्हाला आधी प्रेमकथा ऐकवेल: मुंबईची प्रेयसी, रात्रीच्या मेलने येईन म्हणालेली, आणि रोज गाडीच्या वेळेला उघडं ठेवलेलं दार. खरं-खोटं देव जाणे. माझ्या मते या गोष्टीने घराला गिऱ्हाईक मिळालं, पण माणूस झाकला गेला. पक्कं आहे ते एवढं: 1912 साली जन्मलेला हा पारशी कलावंत इंग्लंडमध्ये शिकून चाळीसगावला परतला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. 31 डिसेंबर 1989 ला गेले. त्यांच्यामागे घर आणि संग्रह प्रतिष्ठानाकडे आला, म्हणून तो आज आपल्याला बघायला मिळतो. नाहीतर स्टेशनलगतच्या अशा जागेवर एव्हाना कॉम्प्लेक्स उभं राहिलं असतं.

आत चित्रं, शिल्पं, जुन्या वस्तू पुष्कळ आहेत. वेळ मात्र टेबलटॉप फोटोंना द्या. हा प्रकार असा, की टेबलावर इवलासा देखावा मांडायचा आणि तो खऱ्या निसर्गासारखा टिपायचा. मीठ किंवा पीठ पसरलं की बर्फ, काटकी रोवली की वठलेलं झाड. सगळी करामत उजेड कुठून पाडायचा यात. आधी चार पावलं लांबून बघा, मग फोटोला नाक लावून. घर न सोडणारा माणूस दऱ्याखोऱ्यांचे फोटो कसे काढत होता, ते तेव्हा कळतं.

जपणुकीचं म्हणाल तर भिंतींपेक्षा मला या कागदांचीच काळजी वाटते. जुन्या फोटोंना ऊन आणि ओल दोन्ही चालत नाहीत, आणि आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लगेच मागून पावसाळा. दगडी घर शंभर वर्षं उभं राहील हो, निगेटिव्हला मात्र थंड, कोरडी खोलीच लागते, आणि ती चालवायला वर्षानुवर्षं पैसा लागतो. तेव्हा दानपेटी दिसली तर हात आखडू नका.

निघण्याआधी उघडं आहे का याची चौकशी करा. मे महिन्यात येत असाल तर सकाळीच या.