“हात चालतो, लेखणी अडते, मग पीएच.डी. कशी होणार?”

नाशिकच्या एका कला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर उपयोजित कला शिकवणाऱ्या एक बाई समुपदेशनाला आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय 36, एम.एफ.ए.ला 58 टक्के, मुलगी चौथीत. पिशवीत पैठणीच्या नक्ष्या उतरवलेल्या वह्या होत्या आणि त्या वह्यांतलं काम कोणीही बघत राहावं असं होतं. त्या म्हणाल्या, “ताई, हात चालतो माझा, पण लिहायला बसलं की दोन ओळींपुढे गाडी जात नाही. पीएच.डी. म्हणजे तीनशे पानं. सासूबाई म्हणतात, आता या वयात कशाला? आणि कॉलेजात जो तो म्हणतो, डॉक्टरेट नसेल तर पुढे काही खरं नाही.”

चित्रकार, शिल्पकार, डिझायनर यांच्याकडून जवळपास याच शब्दांत ही तक्रार येते. तिच्यात तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले असतात: पदवी लागतेच का, वेळ निघून गेली का, आणि लिहिता येईल का. पहिले दोन नियम वाचले की सुटतात. तिसऱ्याला वेळ द्यावा लागतो.

पदवी लागतेच का, हे आधी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जुलै 2023 मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा ही किमान अट आहे, पीएच.डी. असलीच पाहिजे असं नाही. कायम नोकरी एवढाच हेतू असेल तर आधी नेटचा अर्ज भरायचा. विषय ‘दृश्यकला’, विषयक्रमांक 79. दोन्ही पेपर मिळून 150 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, वेळ 3 तास, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. शिवाय 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात, 70 टक्के नेटचे आणि 30 टक्के मुलाखतीचे, आणि ते वर्षभर चालतात. म्हणजे एका परीक्षेत दोन कामं होतात. बाईंना हे माहीत नव्हतं. त्या थेट विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे ‘पेट’ची, पुस्तकं शोधत होत्या.

वयाचं म्हणाल तर पीएच.डी.ला वरची वयोमर्यादा नाही. ती असते जेआरएफला, म्हणजे नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधन पाठ्यवृत्तीला: 30 वर्षं, महिलांना 5 वर्षांची सवलत. छत्तिशीत ती वाट बंद झाली, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, कारण दरमहा 37,000 रुपयांच्या पाठ्यवृत्तीचा हिशोब त्यांनी घरी मांडून ठेवला होता. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या त्या समाजघटकासाठीच्या, आणि पूर्णवेळ संशोधकांसाठीच्या. त्यांची जाहिरात निघाली की अटी ओळ न ओळ वाचाव्यात.

मुदतीच्या बाबतीत 2022 चे यूजीसी नियम बायकांच्या बाजूचे आहेत. किमान 3 वर्षं, कमाल 6. पुनर्नोंदणी केल्यास आणखी 2. महिलांना त्यावर आणखी 2, म्हणजे एकूण 10. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. नोकरी सांभाळून अर्धवेळही करता येतं, मात्र संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र (एनओसी) लागतं. त्यात अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.तल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, मोकळं केलं जाईल, अशी तिन्ही विधानं हवीत. तासिका तत्त्वावरच्या माणसाचं घोडं इथेच अडतं: नेमणूकच सत्रापुरती, तर प्राचार्य पुढच्या पाच वर्षांचं काय लिहून देणार? म्हणून एनओसीबद्दल अर्ज भरण्याआधी बोलून घ्यायचं, प्रवेश मिळाल्यावर नव्हे. आणि घरबसल्या दूरशिक्षणातून पीएच.डी. देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. यूजीसीच्या नियमांत तशी सोय नाही.

आता लिहिण्याकडे वळू.

बाईंनी आणलेल्या कच्च्या आराखड्याचं शीर्षक होतं ‘महाराष्ट्रातील पैठणीचा कलात्मक अभ्यास’. पहिलं वाक्य: ‘पैठणी हे महाराष्ट्राचे महावस्त्र असून तिला गौरवशाली परंपरा लाभली आहे.’ दुसरंही याच सुरात, आणि मग पान कोरं. कोरंच राहणार, कारण या शीर्षकाखाली कुठलाही प्रश्न नाही. ज्यावर कोणाचाच आक्षेप नाही ते किती वेळा लिहिणार? कलाक्षेत्रातल्या माणसाला लिहिता येत नाही हा समज आम्हाला पटत नाही. त्याला बहुतेक वेळा विचारायचं काय तेच ठरलेलं नसतं, आणि तो दोष भाषेवर ढकलतो.

क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी 1993 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून कला-संशोधनाची एक विभागणी मांडली, ती इथे कामाला येते. कलेविषयीचं संशोधन, म्हणजे इतिहास, समीक्षा, समाज. कलेतून होणारं, म्हणजे साहित्यावर, तंत्रावर प्रत्यक्ष प्रयोग करून आणि त्यांची नोंद ठेवून. आणि कलेसाठीचं, ज्याचं फळ शेवटी कलाकृतीतच उतरतं. बाईंना मनातून दुसरं करायचं होतं. आराखडा लिहिला होता पहिल्याचा, कारण ‘पीएच.डी. तशीच असते’ असं कोणीतरी सांगितलेलं.

मग वही उघडून एका मोरावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कागदावर असा आहे, कापडावर असाच येतो का? “छे, असा कसा येईल?” म्हणत त्या वीस मिनिटं न थांबता बोलल्या. पैठणीच्या पदरात नक्षीतल्या प्रत्येक रंगाला वेगळी छोटी कांडी लागते. दोन रंग जिथे उभ्या रेषेत भेटतात तिथे प्रत्येक ओळीला धागे एकमेकांत अडकवावे लागतात, नाहीतर कापडात फट पडते. म्हणून लांब सरळ उभी कड विणकराला नकोशी असते. तो ती थोडी तिरकी करतो, पायऱ्या पाडतो. वळणाचंही तसंच. समजा इंचात 60 उभे धागे आहेत आणि मोराची मान अर्धा इंच रुंद आहे, तर त्या रुंदीत वळायला फार तर 30 जागा मिळतात. एका आडव्या ओळीत रंग वाढले की कांड्या वाढतात, कांड्या वाढल्या की दिवस वाढतात आणि दिवस वाढले की भाव वाढतो. शिवाय हातमागावरच्या अस्सल पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसायला हवी. मागे धागे लोंबत सोडून वेळ मारून नेता येत नाही.

हे बोलणं त्यांच्याच फोनवर ध्वनिमुद्रित केलं होतं. घरी जाऊन ते उतरवायचं आणि त्यातलं जे चित्रात दिसत नाही तेवढंच ठेवायचं, एवढा गृहपाठ दिला. पुढच्या वेळी आलेला परिच्छेद असा सुरू होत होता: ‘मान डावीकडे वळते तिथे कागदावर अखंड रेषा आहे, कापडावर ती सात पायऱ्यांची झाली आहे. चौथी पायरी विणकराने मुद्दाम रुंद ठेवली आहे, कारण तिथे हिरव्याची कांडी संपून जरीची सुरू होते.’ लिहिता न येणाऱ्या बाईंचीच ही वाक्यं.

त्यातूनच प्रश्न निघाला: आलेखाच्या कागदावर आखलेली नवी नक्षी येवल्याच्या हातमागावर उतरताना विणकर काय बदलतो, आणि ते बदल तंत्रामुळे होतात, वेळेमुळे की गिऱ्हाइकामुळे? महाराष्ट्र गेला, परंपरेचा गौरव गेला. एक गाव आणि एक टप्पा उरला. येवला नाशिक जिल्ह्यातच, निफाड-विंचूर मार्गे एसटीने जाऊन दिवसात परत येता येतं. अर्धवेळ संशोधनात विषयाचं सामान असं हाताशी असणं फार मोलाचं. कांचीपुरमशी तुलना करायचा मोह त्यांना झालाच होता. तो खोडून काढला.

विषय आधी होऊन गेला असेल तर, ही पुढची धास्ती. त्यासाठी ‘शोधगंगा’ आहे. देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. पैठणीवरचे, हातमागावरचे चार-पाच प्रबंध काढायचे आणि प्रत्येकाची संशोधनपद्धती, निष्कर्ष आणि शेवटी दिलेल्या पुढील संशोधनाच्या दिशा एवढंच आधी वाचायचं. विषय तोच असला तरी बिघडत नाही, प्रश्न तोच असला तर बिघडतं. वाचतानाच प्रत्येक संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत जायचा. शेवटच्या महिन्यात पुस्तकांची प्रकाशनवर्षं शोधत बसणारे संशोधक कमी नाहीत, आणि साम्यतपासणीत, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का याच्या तपासणीत, अडकणारेही बरेचदा तेच असतात: कुठलं वाक्य कुठून उतरवलं हे विसरलेले. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यावर गेलं की प्रबंध परत येतो आणि पुढे टक्केवारीप्रमाणे कारवाई कडक होत जाते.

तीनशे पानांच्या भीतीवर साधा हिशोब करायला लावला. एका पानावर साधारण 300 शब्द धरले तर 60,000 शब्दांची 200 पानं होतात. बाकीची जागा छायाचित्रं, आकृत्या, परिशिष्टं खातात. आठवड्यातले चार दिवस 250 शब्द लिहिले तर 60 आठवड्यांत 60,000 होतात. त्यातलं निम्मं फेकावं लागेल हे धरूनसुद्धा मुदतीत बसतं. मात्र रोजचं लिहिणं म्हणजे प्रकरण लिहिणं नव्हे. एक छायाचित्र समोर ठेवायचं आणि ते नसलेल्या माणसाला काय सांगावं लागेल तेवढंच लिहायचं. टंकलेखन हळू असेल तर फोनला मराठीत बोलून मजकूर उतरवून घ्यावा. विरामचिन्हांचा तो पार चुराडा करतो, ती नंतर भरावीत. प्रबंध मराठीत चालतो की इंग्रजीतच हवा, हे विद्यापीठाच्या नियमावलीत नोंदणीआधी पाहून घ्यायचं.

छायाचित्रांत कलाकार मंडळी हमखास फसतात, हे थोडं विचित्र आहे. फोटो सुंदर असतो, पण पुरावा म्हणून कुचकामी: माप नाही, तारीख नाही, मागची बाजू नाही. चौकटीत मोजपट्टी आणि करड्या रंगाचं कार्ड ठेवायचं, प्रकाश एका बाजूने तिरका घ्यायचा म्हणजे विणीचा उठाव दिसतो, आणि पुढची-मागची बाजू लागोपाठ काढायची. छपाईत 15 सेंटिमीटर रुंद चित्र हवं असेल तर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) साधारण 1,800 पिक्सेल रुंदी लागते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र बारीक होऊन येतं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून घ्यावी. फाइलच्या नावात गाव, माग, नक्षी आणि तारीख यावी. धागे मोजायचं एक इंची भिंग थोडक्या पैशांत मिळतं. ते पिशवीतून काढूच नये.

बाईंना स्वतः एक पदर आखून विणून घ्यायचा होता. तो प्रबंधात तपासला जाईल का? ब्रिटनमध्ये कलाकृती आणि त्यासोबत तुलनेने छोटा प्रबंध अशी सर्जनाधारित पीएच.डी. रुळलेली आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तपासला जातो तो लिखित प्रबंध. कलाकृती परिशिष्टात जाते. म्हणून पदर हे प्रयोगाचं साधन ठरवलं: तीच नक्षी दोन विणकरांकडे द्यायची आणि दोघांनी केलेले बदल ओळीओळीने टिपायचे. विणकराच्या वेळेची मजुरी द्यायचीच; संशोधनाच्या नावाखाली चहावर भागवायचं नाही.

मार्गदर्शक शोधताना विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची रिक्त जागांची यादी आधी बघावी. सहायक प्राध्यापकाकडे 4, सहयोगीकडे 6 आणि प्राध्यापकाकडे 8 संशोधक, एवढीच मर्यादा असते; आणि निवृत्तीला 3 वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. ‘सर, मला घ्याल का’ असा निरोप धाडण्यापेक्षा त्यांचे एक-दोन लेख वाचून एका पानात प्रश्न, पद्धत आणि हाताशी असलेलं साहित्य लिहून पाठवावं. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या ठिकाणी डिझाइनमधली पीएच.डी. करायची असेल तर नाशिकहून रोजचं जाणं-येणं जमणारं नाही, हे घरात आधी बोललं जावं. पंचवटी एक्स्प्रेस ग्रंथालयाच्या एखाद्या फेरीला ठीक. सासूबाईंनाही एकदा भेटीला बोलावलं होतं. त्यांचा आक्षेप वयाला नव्हताच. नात शाळेतून आल्यावर घरी कोण, एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि दोन दुपारी त्यांनी स्वतःहून मागून घेतल्या.

बाईंनी त्या वर्षी पेटचा अर्ज भरला नाही. आधी नेट द्यायची आणि तोवर दोन मागांवरची प्राथमिक नोंद पुरी करायची, असं ठरलं. मुलाखतीत आराखड्यापेक्षा ही नोंदच जास्त बोलते. निघताना त्यांनी विचारलं, विणकराचं नाव प्रबंधात द्यायचं की लपवायचं? सामाजिक संशोधनात माहिती देणाऱ्याचं नाव सहसा झाकतात, पण कारागिराच्या बाबतीत ते झाकणं म्हणजे त्याचं श्रेय खाणंही ठरू शकतं. म्हणून मराठीतला संमतीचा कागद केला, त्यावर तीन वेगळे चौकोन: नाव छापावं की नाही, चेहऱ्याचा फोटो वापरावा की नाही, आणि त्याच्या स्वतःच्या नक्षीचं रेखाटन प्रबंधात जावं की फक्त वर्णन. तिसरा चौकोन सर्वांत महत्त्वाचा, कारण स्वीकारलेला प्रबंध शोधगंगेवर खुला होतो आणि तिथून ती नक्षी कोणीही उचलू शकतो. सही घेण्याआधी विणकराला हे समजावून सांगायचं, आणि कागदाची एक प्रत त्याच्याकडे ठेवायची.