मूत्रपिंडातील रक्तप्रवाह प्रकाशाने कसा पाहतात?

प्रश्न : मूत्रपिंडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास लेसरच्या प्रकाशाने करतात, असे वाचनात आले. प्रकाशाला रक्ताचा वेग कसा कळतो आणि सोनोग्राफी उपलब्ध असताना या पद्धतीची गरज काय?

उत्तर : गरजेचा मुद्दा आधी घेऊ. डॉप्लर सोनोग्राफीत, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मोठ्या धमन्यांतील प्रवाह चांगला दिसतो. परंतु रक्त गाळण्याचे काम ज्या नेफ्रॉनमध्ये चालते, ते माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख असतात आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या धमनिका केसाहूनही बारीक असतात; त्यांतील प्रवाह नेहमीच्या सोनोग्राफीत वेगळा दिसत नाही.

लेसरचा प्रकाश ऊतीवरून परतताना त्याच्या लहरी एकमेकींत मिसळतात व कॅमेऱ्यावर ठिपक्यांची नक्षी उमटते. तांबड्या पेशी वाहत असतील तिथे ही नक्षी सतत बदलते आणि काही मिलिसेकंदांच्या छायाचित्रात पुसट होते. जितकी ती पुसट, तितका प्रवाह वेगवान. फर्चर आणि ब्रायर्स या संशोधकांनी १९८१ मध्ये हे तत्त्व डोळ्याच्या दृष्टिपटलासाठी मांडले. त्यासाठी रक्तात रंगद्रव्य सोडावे लागत नाही.

मूत्रपिंडात या पद्धतीचे खरे मोल मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. नेफ्रॉनच्या नलिकेतील द्रवात क्लोराइड वाढले, की त्याच नेफ्रॉनची धमनिका आकुंचन पावते, गाळणे मंदावते, क्लोराइड उतरते आणि धमनिका पुन्हा सैलावते. त्यामुळे उंदरांत दर अर्ध्या मिनिटाच्या आसपास प्रवाह एकदा चढतो व उतरतो. पूर्वी नलिकेत काचेची सूक्ष्म नळी खुपसून एकावेळी एकदोन नेफ्रॉनच तपासता येत. लेसरच्या चित्रात मात्र पृष्ठभागावरील अनेक नेफ्रॉन एकाच वेळी दिसतात आणि शेजारचे नेफ्रॉन पुष्कळदा एकाच तालात चढतात-उतरतात, हे त्यातून स्पष्ट झाले. जन्मजात उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांत हा ताल अनियमित होतो, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

मर्यादाही मोठ्या आहेत. प्रकाश मिलिमीटरच्या काही अंशांपलीकडची माहिती देत नाही. त्यामुळे जिथे प्राणवायू मुळातच कमी असतो आणि रक्तपुरवठा घटताच इजा होते, तो आतला गाभा या चित्रात येतच नाही. मिळणारा आकडा सापेक्ष असतो, मिलिलिटरमध्ये नसतो, आणि श्वासाबरोबर अवयव हलला तरी नक्षी पुसट होते. शिवाय मूत्रपिंड उघडे असावे लागते. म्हणून रुग्णांच्या बाबतीत ही तपासणी शस्त्रक्रियेच्या वेळीच करता येते आणि बाह्यरुग्ण विभागात सोनोग्राफीच वापरावी लागते.